सायकलचं वजन सगळे विचारतात

सायकलच्या दुकानात माणसं काय करतात ते जरा बघत बसावं. किंमत विचारायच्या आधी एक हात सीटखाली, दुसरा हँडलच्या बुंध्याशी घालून सायकल उचलतात. ‘हलकी आहे’ म्हणतात, नाहीतर ‘जडच आहे हो’. मग साडेदहा किलो की साडेअकरा यावर चर्चा रंगते. उचलणाऱ्याचं वजन किती, हे दुकानदार विचारत नाही आणि गिऱ्हाईक सांगत नाही. माझं ४८ किलो आहे, उंची पाच फूट एक इंच. खडीच्या रस्त्यासाठी फ्रेम निवडायची असेल तर हे दोन आकडे सायकलच्या वजनाआधी विचारावेत असं माझं मत आहे. बाजारातल्या बहुतेक फ्रेम मात्र माझ्यासारख्या आकड्यांना डोळ्यांसमोर ठेवून बनलेल्याच नसतात.

माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, ८६ किलोंचा. त्याने अॅल्युमिनियमची ग्रॅव्हल बाइक, म्हणजे खडीच्या रस्त्यासाठीची सायकल घेतली, एल मापाची. तेच मॉडेल एक्सएस मापात दुकानाने मला एका रविवारपुरतं चालवायला दिलं आणि आम्ही दोघं वीर धरणातून निघणाऱ्या नीरा डाव्या कालव्याच्या काठाने निघालो. कॅनॉलचा रस्ता म्हणजे बराचसा सपाट. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला ऊस, पायाखाली मुरूम, आणि मुरूम वाहून गेलाय तिथे मुठीएवढी खडी उघडी पडलेली. दादा खुशीत होता. "लोण्यासारखी जातेय गं!" माझी तशी काही जात नव्हती. मागचं चाक दगडादगडावर टुणकन उडायचं, तासाभरात तळहात बधिर झाले, आणि भरावावर चढताना जोर लावला की वाटायचं, या फ्रेमला मी वर बसले आहे याची खबरच नाही.

सायकल तीच, रस्ता तोच. दुकानातून निघताना दोघांच्या टायरमध्ये हवाही सारखीच भरून मिळाली होती, त्याबद्दल पुढे बोलतेच. पण खरी मेख फ्रेमच्या मापात आहे.

कुठलीही फ्रेम बाजारात आणायच्या आधी तिची चाचणी होते. आयएसओ ४२१० हे त्याचं आंतरराष्ट्रीय मानक. दोन्ही पेडलांवर आळीपाळीने जवळपास शंभर किलोंच्या वजनाइतका किंवा त्याहून थोडा जास्त जोर टाकायचा, तोही एक लाख वेळा, आणि फ्रेमला तडा जातो का ते बघायचं. यात लहान माप, मोठं माप असा भेद नाही. एक्सएसची फ्रेमही शंभर किलोंच्या माणसाचाच पेपर सोडवते. कंपनीच्या बाजूने बघाल तर हे बरोबरच आहे. लहान चणीचा पण वजनदार माणूस असू शकतोच की. मग कंपनी सोयीचं ते करते. सगळ्या मापांना त्याच जाडीच्या, त्याच व्यासाच्या नळ्या वापरायच्या, फक्त लांबी कापायची. आणि नळी जितकी आखूड तितकी ती वाकायला कठीण. म्हणजे सगळ्यात हलक्या माणसाच्या वाट्याला सगळ्यात ताठ फ्रेम येते.

नळीचं गणित एकदा समजून घेतलं की दुकानातली निम्मी जाहिरातबाजी आपोआप गळून पडते. पातळ भिंतीच्या नळीचा ताठपणा तिच्या जाडीच्या सरळ प्रमाणात वाढतो, पण व्यासाच्या घनाच्या प्रमाणात. जुन्या पोलादी सायकलींची खालची नळी, म्हणजे हँडलखालून पेडलच्या खोक्यापर्यंत येणारी, २८.६ मिलिमीटरची असे. पुढे ‘ओव्हरसाइझ’ म्हणून ३१.८ ची आली. फरक ३ मिलिमीटरचा. जाडी तीच ठेवली तर वजन वाढतं ११ टक्के आणि ताठपणा वाढतो ३७ टक्के. अॅल्युमिनियमचं वजन पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं, पण ताठपणाही तिसऱ्याच हिश्शाइतका. शिवाय त्याला लवायची सवय मानवत नाही. थोडं थोडं लवून लवूनही ते कधीतरी थकून तडकतं. म्हणून अॅल्युमिनियमच्या फ्रेमला फार लवूच द्यायचं नाही, नळ्या चांगल्या मनगटाएवढ्या करायच्या, हा साधा उपाय. दादासाठी ते ठीक आहे. त्याच्या जोराला तेवढा प्रतिकार लागतो.

आता एक कबूल केलं पाहिजे, नाहीतर पोलादवाल्यांच्या पोथीत माझीही भर पडायची. ‘पोलादी फ्रेम धक्के गिळते’ हे वाक्य सायकलवाल्यांत सर्रास ऐकू येतं आणि ते जवळजवळ खोटं आहे. फ्रेम म्हणजे दोन त्रिकोण. त्रिकोण उभ्या दिशेने दबत नाही, मग तो कशाचाही असो. दगडाचा धक्का गिळतो तो टायर, मग सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, मग पुढचं चाक धरणारा चिमटा, तोही पातळ आणि पुढे बाक दिलेला असेल तर. फ्रेम लवते ती आडवी, पीळ पडल्यासारखी, पेडल मारताना. उभं राहून चढ चढताना खाली बघितलं की पेडलचं खोकं डावी-उजवीकडे झुलताना दिसतं, ते हे.

हे झुलणं चांगलं की वाईट यावर सायकलवाल्यांत उभे वाद आहेत. सिअॅटलच्या ‘बायसिकल क्वार्टर्ली’ या नियतकालिकाने रंगरूप सारखं पण आतून नळ्यांची जाडी वेगळी अशा फ्रेम, कुठली कोणती हे न सांगता, चालवायला देऊन बघितल्या. पातळ नळ्यांची फ्रेम काहींना नुसती आवडली नाही, तर तिच्यावर त्यांची चढावरची गतीही वाढली. फ्रेम पायाच्या लयीत लवते आणि परत येते, ताकद वाया जात नाही, असा त्यांचा दावा. पुष्कळ इंजिनिअरांना तो पटत नाही. माझ्याकडे मोजमापाची यंत्रं नाहीत, त्यामुळे या वादात मी न्यायाधीश नाही. माझे गुडघे मात्र आहेत. ताठ फ्रेमवर दिवसभर खडी तुडवली की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना ते जे बोलतात, ते पातळ नळ्यांच्या फ्रेमवर बोलत नाहीत.

हवेचं राहिलं. आमच्याकडे कुठल्याही पंक्चरवाल्यासमोर सायकल उभी करा, तो टायर अंगठ्याने दाबणार आणि म्हणणार, "हवा कमी आहे मॅडम. टाईट मारू का?" टाईट म्हणजे साठ पीएसआयच्या पुढे; पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप. ४२ मिलिमीटरच्या टायरला माझ्या वजनाला पुढे चोवीस आणि मागे सत्तावीस-अठ्ठावीस पुरतात. दादाला चाळीसच्या आसपास लागते. तो माझ्या हवेवर गेला तर पहिल्याच धारदार दगडावर रिम टेकून ट्यूबला दोन भोकं पडतील. मी त्याच्या हवेवर गेले तर टायर दबतच नाही, दगड गिळायच्या ऐवजी त्याच्यावरून उडी मारतो, आणि उडालेल्या चाकाला ना ब्रेक लागत ना वळण. हलक्या माणसाने खडीवर घसरून पडायचं हेच बहुतेक वेळा कारण असतं. पुढे चोवीस, मागे अठ्ठावीस असं चिकटपट्टीवर लिहून मी रिमला लावलंय. तरी पंक्चरवाला वाचून हसतो आणि वर दहा पीएसआय जास्तच मारतो, काळजीपोटी.

रस्तेही सगळे एक नव्हेत. ग्रॅव्हल बाइक नावाचा प्रकार जिथे मोठा झाला ते अमेरिकेतलं कॅन्सस. एम्पोरिया गावाभोवतीच्या फ्लिंट हिल्समध्ये २००६ साली सुरू झालेल्या दोनशे मैलांच्या शर्यतीने त्याला नाव मिळवून दिलं. तिथली गारगोटी टायर कापते, पण रस्ते रुंद आणि लांबच लांब, एका गतीने जायचे. देशावरचा आपला खडीकरण केलेला रस्ता वेगळा. काळ्या बेसाल्टची यंत्राने फोडलेली, कोनाकोनांची खडी, वर मुरमाची भर, त्यावर रोलर. पहिल्या पावसात मुरूम वाहून जातो, मग डांबरीकरणाच्या आश्वासनावर तीन-चार वर्षं नुसती खडी. तळकोकणात सड्यावर गेलात तर जांभ्याची तांबडी, गोल, सुपारीएवढी गोटी, तिच्यावर चाक गोळ्यांवरून घरंगळल्यासारखं सरकतं. पाणंदींची तर गोष्टच निराळी, एका बाजूला ट्रॅक्टरने पाडलेली चाकोरी आणि मधे गवताचा उंचवटा. या सगळ्यात गती कमी, वळणं जास्त, आणि दर दहा मिनिटांनी जागेवरून उठून जोर लावायची वेळ. इथे हलक्या माणसाला हवी ती मऊ, रुंद टायरची आणि हळू चालतानाही हँडल न भिरभिरणारी सायकल. शर्यतीच्या फ्रेमचा इथे काय उपयोग?

‘मग शॉकअप घ्या ना’ असं दुकानदार म्हणतो. पुढच्या चिमट्यात स्प्रिंग. स्वस्त हायब्रिडमध्ये तो चिमटाच अडीच किलोंचा भरतो आणि आतली स्प्रिंग सत्तर-पंचाहत्तर किलोंचा माणूस धरून बसवलेली असते. दुकानात मी पूर्ण अंग टाकून हँडल दाबलं तरी ती जेमतेम बोटभर खाली गेली. रस्त्यावर तर ती माझ्यासाठी नुसता लोखंडाचा गठ्ठा. बारा किलोंची सायकल दादाच्या वजनाचा सातवा हिस्सा आहे, माझ्या वजनाचा चौथा. सायकलचं वजन विचारूच नये असं मी म्हणत नाही. उलट मला ते जास्तच बोचतं. पण ते कुठून कमी करायचं हे कळायला हवं. निरुपयोगी स्प्रिंग काढली की दीड किलो एका झटक्यात जातो. तो दीड किलो कार्बनच्या फ्रेममधून कमी करायला गेलं तर लाखभर रुपये, आणि वर प्रत्येक उडालेल्या खड्याला दचकणं.

चाकांचा प्रश्न ठेंगण्या माणसांनाच कळतो. ७००सी हे नेहमीचं मोठं चाक लहान फ्रेमला लावलं की वळताना बूट टायरला घासतो. ते टाळायला कंपन्या पुढचा चिमटा आणखी तिरपा करतात आणि सीटची नळी आणखी उभी. कागदावर माप लहान दिसतं, हात मात्र तेवढेच ताणावे लागतात. यावर न्यूयॉर्क राज्यातल्या जॉर्जीना टेरी या मेकॅनिकल इंजिनिअर बाईंनी १९८५ मध्ये कंपनी काढून तोडगा काढला होता, मागे ७००सी आणि पुढे २४ इंची छोटं चाक. दिसायला विचित्र, बसायला सुरेख. बायकांसाठीची सायकल म्हणजे गुलाबी रंग आणि मऊ सीट, असा हिशेब आजही करणाऱ्यांना ही चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगावीशी वाटते. आता ६५०बी चाकं मिळतात, ७००सीपेक्षा रिमचा व्यास ३८ मिलिमीटरने कमी, त्यामुळे दोन वेगवेगळ्या मापांच्या ट्यूब बाळगाव्या लागत नाहीत. लहान फ्रेमला तीच लावावीत.

मला हवी होती ती फ्रेम यातून ठरत गेली. पोलाद, तेही पातळ, जुन्या व्यासाच्या नळ्या, बाकदार चिमटा, ६५०बी चाकं. नवी अशी फ्रेम इथे दुकानात मिळत नाही आणि बाहेरून बनवून घ्यायची तर विमानाच्या तिकिटाएवढी किंमत. पण माझी आत्तेबहीण राहते बर्मिंगहॅमला, आणि सायकलच्या नळ्या बनवणारी रेनॉल्ड्स कंपनी त्याच गावची. खिळे बनवणारं घराणं. त्यातल्या आल्फ्रेड रेनॉल्ड्सने १८९७ मध्ये टोकांना जाड आणि मधे पातळ अशी नळी बनवायची युक्ती पेटंट केली. सांध्यावर ताण जास्त म्हणून तिथे धातू जास्त, मधे कशाला? १९३५ मध्ये त्यांची मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची ५३१ नळी आली आणि पुढची चाळीसेक वर्षं चांगली सायकल म्हणजे ५३१, असं समीकरणच झालं. जॅग्वार ई-टाइप मोटारीचा पुढचा सांगाडाही याच नळ्यांचा. विलायतेत या फ्रेम आजही लोकांच्या गॅरेजमध्ये पडलेल्या असतात आणि लहान मापाला तिथे गिऱ्हाईक नसतं.

जुनी फ्रेम घेताना स्टिकरवर जाऊ नये. स्टिकर कोणीही लावतं. माईला, म्हणजे आत्तेबहिणीला, मी व्हिडिओ कॉलवर सीटपोस्ट काढायला लावली आणि व्हर्निअरने मोजायला सांगितली. सीटच्या नळीचा बाहेरचा व्यास २८.६, आत बसणारी पोस्ट २७.२ ची निघाली तर नळीची भिंत ०.६ ते ०.७ मिलिमीटरची, म्हणजे माल अस्सल. २६ च्या आसपास निघाली तर नळी जाड, फोन बंद करायचा. २७.२ निघाली. मग नखाने खालची नळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टिचकवायला सांगितली. टोकाशी ठस्स, चार बोटं पुढे सरकलं की आवाज मोकळा होत जातो, मधोमध छान टणत्कार, आणि पलीकडच्या टोकाशी पुन्हा ठस्स. "अगं, ही तर वाजते!" माई म्हणाली. शेजारच्या खोलीतून तिच्या मुलाने, आई काय करतेस, असं विचारल्याचंही मला ऐकू आलं.

१९ इंची टूरिंग फ्रेम, २७ इंची चाकांसाठीची. खोक्यात घालून माईच्याच सामानातून आली. मागचं चाक अडकतं ती दोन टोकं १२६ मिलिमीटरवर होती, आजचा हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, १३० मागतो. कारागिराने आट्याची सळई आणि दोन नट घेऊन ती इंच-इंच म्हणण्यापेक्षा केस-केस फाकवली, दर वेळी दोरा ताणून दोन्ही बाजू सारख्या आहेत का बघत. अॅल्युमिनियमला हे करायला गेलं तर तडा जातो. २७ इंचीऐवजी ६५०बी चाकं लावायची म्हणून ब्रेकचे खुंट २३ मिलिमीटर खाली घ्यावे लागले. ५३१ला आर्क वेल्डिंग चालत नाही, नळी जळून ठिसूळ होते. पितळ वितळवून झाळावं लागतं, आणि हे काम येणारे हात आता कमी उरलेत. आपल्या जुन्या काळ्या सायकली अशाच झाळलेल्या असत. त्यांचे कोन आडवे, चिमट्याला लांब बाक, टायर दीड इंची. ग्रॅव्हल बाइकच म्हणायची ती. फक्त नळ्या पाण्याच्या पाइपाइतक्या जाड, त्यामुळे दोन पोती धान्य नेणाऱ्यासाठी उत्तम आणि माझ्यासाठी ओझं.

चाकं लहान केल्याची किंमत एका ठिकाणी मोजावी लागते. ३८ मिलिमीटरचे ६५०बी टायर धरले तर पेडलचं खोकं मूळच्यापेक्षा १७ मिलिमीटर जमिनीकडे आलंय. पाणंदीतल्या उंचवट्यावर पेडल टेकतं. १७०ऐवजी १६० मिलिमीटरचे क्रँक, म्हणजे पेडलच्या दांड्या, लावल्यावर त्रास बराच कमी झाला, आणि माझ्या पायांना तसंही तेच माप बरोबर आहे.

दादाने ती चालवून बघितली. सीट वर ओढून, शंभर-दीडशे मीटर जाऊन, कपाळाला आठ्या घालून परत आला. "ढिली आहे गं ही. उतारावर हँडल थरथरतंय." थरथरणारच. मागे कॅरिअरवर सात-आठ किलोंपेक्षा जास्त सामान लादलं तर माझ्याही हातात थरथरते; या फ्रेमवर तंबू-बिछाना घेऊन नर्मदा परिक्रमेला जाता येणार नाही. पण नुसती मी असले, की वीरच्या कॅनॉलवर तिला माझा जोर कळतो. चढावर पेडल मारलं की ती किंचित देते आणि पुढच्या पेडलला घेऊन येते. दादाला हे समजावून सांगायच्या भानगडीत मी पडले नाही. त्याने त्याच्या सायकलवर टांग मारली, मी माझ्या.

आता अडलंय ते पाण्यावर. लहान फ्रेमच्या त्रिकोणात पाऊण लिटरची एक आणि अर्ध्या लिटरची एक, एवढ्याच बाटल्या मावतात. मार्च उजाडला की कॅनॉलवर सकाळी दहानंतर तेवढ्याने भागत नाही, आणि पाटाचं पाणी प्यायची सोय आता राहिली नाही. तिसरी बाटली पुढच्या चिमट्याला अडकवावी असं माझं म्हणणं. कारागीर ऐकायला तयार नाही. "एवढ्या पातळ नळीला मी भोक पाडणार नाही ताई. क्लिप बांधा." क्लिप खडखडते. रबराचा तुकडा घालून बघू म्हणतोय तो, पुढच्या आठवड्यात.